एनसी म्हणजे तुमची तक्रार किरकोळ, असं नाही

प्रश्न : पाण्याच्या मोटारीवरून शेजाऱ्यांशी भांडण झालं, त्यांनी माझ्या मिस्टरांना मारलं, शिव्या दिल्या, वर ‘बघून घेतो’ म्हणून धमकी. पोलीस स्टेशनला गेलो तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून कागद हातात दिला, त्यावर ‘अदखलपात्र’ असं लिहिलंय. म्हणजे आमची दखलच घेतली नाही का? हा गुन्हा आहे की नाही?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, गुन्हा आहे, शंभर टक्के आहे. त्या शब्दामुळे कितीतरी माणसं हात हलवत घरी जातात याचं खरंच वाईट वाटतं. आपण रोजच्या बोलण्यात ‘दखल घेतली नाही’ म्हणजे लक्षच दिलं नाही असं म्हणतो, पण कायद्यातली दखल वेगळी. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात आणि वॉरंट नसताना अटकही करू शकतात, अदखलपात्र गुन्ह्यात मात्र तपासाला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो आणि अटकेला वॉरंट. फरक एवढाच आहे, शिक्षा दोन्हीकडे आहे.

तुम्ही सांगताय ती मारहाण, शिवीगाळ, धमकी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं ३२३, ५०४, ५०६, कोर्टाच्या आवारात ही त्रिकूट सगळ्यांना पाठ असते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आता तीच कलमं ११५(२), ३५२ आणि ३५१ झाली. साध्या मारहाणीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, मग याला किरकोळ कसं म्हणायचं?

आता महत्त्वाचं, मिस्टरांना लागलंय किती ते नीट बघा. दात पडला किंवा हाड मोडलं असेल तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत होते आणि गंभीर दुखापत करणं दखलपात्र आहे, चाकू-कोयत्यासारख्या हत्याराने मारलं असेल तर जखम लहान असली तरी दखलपात्रच. म्हणून सरकारी दवाखान्यातलं सर्टिफिकेट, एक्स-रे काढला असेल तर तो, सगळं सांभाळून ठेवा आणि पोलिसांना दाखवून एफआयआर मागा. एका प्रकरणात चार कलमं अदखलपात्र आणि एकच दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि कोर्टाच्या कामकाजाच्या कायद्याच्या) कलम १७४ मध्ये स्पष्ट लिहिलंय, हे पोलीस ठाण्यात सहसा कुणी आपणहून सांगत नाही. एफआयआर झाली तर तिची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. दखलपात्र असूनही नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय.

आणि दुखापत साधीच असेल तर? तरी एनसीचा कागद फेकू नका. त्याच्या आधारे तपासाचा आदेश मागायला किंवा थेट खासगी तक्रार करायला तुम्ही मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकता, वकील बघावा लागेल आणि थोडी धावपळ होईल पण रस्ता आहे. शेजारी परत भांडायची भीती असेल तर पोलिसांना प्रतिबंधात्मक कारवाई करा असं लेखी द्या, आपल्याकडे ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती, त्यात समोरच्याकडून शांतता राखण्याचा बाँड घेता येतो.

प्रश्न : बसमध्ये खिशातून मोबाईल मारला, पण पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ लिहून घेतला. चालतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालत नाही. गहाळ म्हणजे तुमच्याकडून कुठेतरी हरवला, त्यात गुन्हाच नाही, मग चोर कोण शोधणार? खिशातून काढून घेतला तर ती चोरीच, अर्जात ‘चोरी’ हाच शब्द लिहा, आणि मोबाईलची किंमतही घाला कारण नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झालीय. बिल आणि आयएमईआय नंबर (मोबाईलचा ओळख क्रमांक) जोडा, आणि सही करण्याआधी ठाण्यातल्यांनी काय लिहिलंय ते पूर्ण वाचून घ्या.