राजीनाम्यावर सही झाली तरी हक्क संपत नाहीत

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीत सात वर्षं काढल्यावर गेल्या आठवड्यात एचआरने केबिनमध्ये बसवून राजीनाम्यावर सही घेतली, आणि ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ला कामगार कायदा लागूच होत नाही असं ऐकवलं. 2016 मध्ये भोसरीत माझ्याशी हेच घडलं. मी ‘क्वालिटी ऑफिसर’ होतो. एचआरचं बोलणं खरं मानून आठ महिने घरी बसलो. ते आठ महिने मला अजून टोचतात.

हुद्द्यावर काही ठरत नाही. कोर्ट बघतं तुमचं रोजचं काम. मी गेज घेऊन पार्ट तपासायचो आणि रिपोर्ट भरायचो. कोणाची रजा मंजूर करणं, कोणाला मेमो देणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी कामगारच ठरलो. काम तांत्रिक किंवा कारकुनी असेल तर पगार कितीही असो. पगाराची अट सुपरवायझरला आहे; नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती महिना 18,000 रुपये आहे, त्याहून जास्त पगाराचा सुपरवायझर कामगार धरला जात नाही. तेव्हा तुमच्या हाताखालच्या माणसांच्या रजेवर सही कोणाची असायची, हे आधी आठवा.

दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो, पण ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं. म्हणून आजच मेल करा आणि तोच मजकूर रजिस्टर एडीने पाठवा: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक जणांसमोर माझ्याकडून जबरदस्तीने सही घेतली, मी राजीनामा मागे घेतो, कामावर यायला तयार आहे. उशीर झाला की ‘स्वखुशीने गेला’ म्हणायला कंपनी मोकळी. मी हे पत्र पाठवलंच नव्हतं, आणि उलटतपासणीत वकिलाने नेमकं तेच धरलं.

मग कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. माझ्या वेळी 3 वर्षांची मुदत होती, आता 2 आहे. कंपनीला कामगार कपात करायची असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार देणं बंधनकारक आहे. गैरवर्तनाचा ठपका असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. तुम्हाला यातलं काहीच मिळालेलं दिसत नाही.

ग्रॅच्युइटी तर राजीनामा खरा मानला तरी मिळते, कारण पाच वर्षं झालीत. बेसिक आणि डीए मिळून 20,000 असेल तर सात वर्षांचे साधारण 80,769 रुपये होतात, आणि ते 30 दिवसांत द्यावे लागतात.

अजून एक. दुसरीकडे नोकरीसाठी केलेले अर्ज, आलेले नकार जपून ठेवा. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागच्या पगारासह पुन्हा कामावर घेणं हाच सर्वसाधारण नियम. पण मधल्या काळात आपण बेकार होतो हे आधी तुम्ही सांगायचं असतं. ते खोटं आहे हे दाखवणं मग कंपनीचं काम.

‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे सगळा हिशेब चुकता झाल्याच्या, कागदावर मात्र सही करू नका, निदान वकिलाला दाखवेपर्यंत.