‘खेळात असं होतंच’ असं कुणी म्हणालं तर

प्रश्न : ताई, मी साखळीची, अकरावीत शिकते. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर कोचनी सांगितल्याप्रमाणे रोज पहाटे साखळी-पर्ये-केरी आणि रविवारी चोर्ला घाट असा सराव सुरू केला. नोव्हेंबरमध्ये १६ वर्षांखालच्या गटात टाइम ट्रायलला (एकेकटीने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला) रौप्य मिळालं, डिसेंबरमध्ये रोड रेसला पहिली आले. जानेवारीत गोव्याबाहेर ज्युनियर गटात पहिल्यांदाच उतरले आणि अर्ध्या वाटेतच बंचमधून (सगळ्यांच्या घोळक्यातून) मागे सुटले. फेब्रुवारीत तर दोन फेऱ्या राहिलेल्या असताना सायकलवरून उतरले, डीएनएफ (शर्यत अपूर्ण). घाटात वजन नडतं असं एक सीनियर म्हणाली म्हणून दिवाळीपासून रात्रीचा भात बंद केलाय. ५२ किलोंची ४६ झाले, तरी घाटाचा वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच आहे. रात्री दमून पडते पण झोप येत नाही. महिनाअखेरीस सीझनची शेवटची शर्यत आहे, म्हणून संध्याकाळी टर्बोवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) तासभर जादा सराव करते. आणखी काय करू?
ता. क. पाळी नोव्हेंबरनंतर आलेली नाही. सीनियर मुली म्हणतात, खेळात असं होतंच.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी थांबले. तू शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ हीच तुझ्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खेळात असं ‘होतंच’ नाही. शरीराला जेवढं लागतं तेवढं खायला मिळालं नाही की असं होतं.

मलाही हेच वाक्य सांगितलं गेलं होतं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्याआधी डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग संपायची नाही. घरचे मला सायकल घेऊन फाटकाबाहेर जाऊ देत नसत. ट्रक थांबले आणि तेच रस्ते पहाटे रिकामे मिळायला लागले. किती घरांची रोजीरोटी तेव्हा गेली हे मी पाहिलंय, आमच्याच वाड्यावर पाहिलंय. पण मी सायकलपटू झाले ती त्या रिकाम्या रस्त्यांमुळे, हेही खरं.

२०१४-१५ च्या सीझनला मी तुझ्यासारखीच भात सोडला. सुरुवातीला घाटात वेळ खरोखर सुधारला, म्हणून आणखी कमी खाल्लं. पाळी गेली तेव्हा मला आनंद झाला होता, शर्यतीच्या दिवसांची कटकट मिटली म्हणून. पुढे एका संध्याकाळी साखळीच्या बाजारात सायकल थांबवताना तोल गेला. वेग नाही, काही नाही, उभ्या उभ्या हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘पाळी नियमित येते का?’ चार महिन्यांत हे विचारणारे ते पहिलेच. मला सायकल शिकवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, आईला मी सांगितलं नव्हतं. नंतर तपासणीत हाडांची घनता माझ्या वयाच्या मानाने कमी निघाली. ते वर्ष आणि पुढचं निम्मं वर्ष गेलं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच या प्रकाराला नाव दिलं होतं, रेड-एस. सांगायचं ते एवढंच, की व्यायामात जेवढी ऊर्जा जाते तेवढी ताटातून आली नाही तर शरीर काटकसर करायला लागतं. ज्याच्यावाचून आजचा दिवस निघतो ते आधी बंद. पाळी बंद, हाडं भरणं मंद, रक्त तयार होणं कमी. सराव करून दुखावलेले स्नायूही मग नीट भरून येत नाहीत. म्हणजे तुझे जे सहा किलो गेले त्यात पायाची ताकदही गेली असणार. वजन उतरलं पण ताकद त्याहून जास्त उतरली, तर घाट जडच जाणार. मुलांमध्येही हे होतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. तुझी घंटा डिसेंबरपासून वाजते आहे.

आणि तुला यंदा सतरा पूर्ण होतात. आयुष्यभर पुरायची हाडं याच वयात भरतात. यासाठी मी तुला घाई करायला सांगते आहे, शर्यतीसाठी नाही.

या आठवड्यात आईला हे पत्र दाखव आणि दोघी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तीन महिने पाळी चुकली की जायचंच असतं, तुझे चार होत आले. सायकलिंग करतेस, किती तास करतेस, वजन किती उतरलं, सगळं सांग. कारण दुसरंही असू शकतं, ते त्यांनाच तपासू दे. रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला सांग, त्यातून लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि मग पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. लोहाच्या गोळ्या मात्र कुणी मैत्रीण घेते म्हणून स्वतःहून घेऊ नकोस.

टर्बोचा जादा तास आजपासून बंद. दमूनही झोप न येणं ही शरीर थकल्याची खूण आहे, आळसाची नाही.

खाण्याबद्दल तुला परदेशी पावडरींची यादी देणार नाही, आपल्या घरात सगळं आहे. पहाटे निघण्याआधी पोदेराची (पाववाल्याची) एक पोळी आणि केळं, किंवा वाटीभर पेज. दीड तासाच्या वर सायकल चालवायची असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दोन केळी म्हणजे साधारण ५० ग्रॅम, ती जर्सीच्या मागच्या खिशात मावतात. घरी आल्यावर तासाभरात शीत आणि हुमण (भात आणि माशांची आमटी), पोटभर. रात्रीचा भात परत सुरू. अळसांदे (चवळी), तिसऱ्या (शिंपल्या), नाचणी घरात होतच असणार; जेवणावर लिंबू पिळ आणि चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, त्याने लोह अंगी कमी लागतं. पहिल्या पंधरा दिवसांत वजन वाढेल. वाढू दे.

आता जानेवारीच्या शर्यतीचं. सायकलिंगमध्ये वयोगट जन्मतारखेवर नाही, जन्मवर्षावर ठरतो. ३१ डिसेंबरला तू तुझ्या गटातली सगळ्यात मोठी होतीस, १ जानेवारीला ज्युनियर गटातली सगळ्यात लहान झालीस. समोर १८ वर्षांच्या मुली, शर्यत लांब, त्यातून उपाशी अंग. डिसेंबरचा पहिला नंबर आणि जानेवारीतलं सुटणं, या दोन्हींत तीच मुलगी होती. ज्युनियरची अजून दोन्ही वर्षं तुझ्या हातात आहेत, कारण १७ आणि १८ दोन्ही त्यात धरतात.

आणखी एक शंका मला आहे, पत्रात तू लिहिलेलं नाहीस. गोव्यात आपण एकट्याने नाहीतर तिघी-चौघींनी सराव करतो. पन्नास-साठ जणींचा बंच, दोन्ही कोपरांना दुसरीची कोपरं, पुढच्या चाकापासून हातभर अंतर, हे आपल्याला बाहेर जाईपर्यंत माहीतच नसतं. माझी अशी पहिली शर्यत मी भीतीपोटी बंचच्या कडेला, वाऱ्यात काढली. दुसरीचं चाक नीट धरलं तर सपाटीवर वाऱ्याशी झगडायची जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाचते. ती मी उधळत होते आणि मला वाटत होतं मी कमी पडतेय. तूही तिथेच होतीस का, आठवून बघ. तसं असेल तर ते शिकता येतं. मुलांच्या ग्रुपबरोबर रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, हलक्या वेगात, चाकामागे चाक लावून. पण तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

महिनाअखेरची शर्यत सोड. हे वाचताना तुझ्या डोळ्यांत पाणी येईल हे मला माहीत आहे. मी सोडली नव्हती, पुढे मनगटाने सोडायला लावली. कोचना तू स्वतः सांग. पाळीबद्दल बोलायला जड वाटलं तर आई बोलेल. ते ‘असं होतंच’ म्हणाले तर तो कोच बदलावा, एवढं स्पष्ट माझं मत आहे. ज्या सीनियरने वजनाचं सांगितलं तिच्यावर रागावू नकोस. तिलाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल आणि तिचीही पाळी थांबलेली असेल. तिला सोबत ने.

शिगमो घरच्यांबरोबर बघ. रिपोर्ट आला की मला लिही, आकडे जसेच्या तसे.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, शाळेच्या स्पर्धांत पहिला येतो. त्याला दोन लाखांची कार्बनची सायकल हवी आहे. कर्ज काढावं का? – एक पालक, मांद्रे

उत्तर : नको. दोन वर्षांत तो वीतभर वाढेल आणि ही फ्रेम त्याला लहान पडेल. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालतच नाही; चांगली अॅल्युमिनियमची सायकल नऊ किलोंच्या आसपास मिळते. म्हणजे फरक पाण्याच्या तीन भरलेल्या बाटल्यांएवढा, आणि तोही चढावरच जाणवणारा. उत्तम हेल्मेट, चांगले टायर आणि सीट-हँडल त्याच्या मापाने बसवून देणारा जाणकार, यांवर आधी खर्च करा. उरतील ते पैसे त्याच्या दूध-अंडी-केळ्यांना ठेवा, या वयात मुलं किती खातात ते तुम्ही बघताच आहात.

तुम्ही समुद्राकाठी राहता. किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन, फडक्याने पुसून, चेनला तेल द्यायला त्यालाच शिकवा. खाऱ्या हवेत बोल्ट आणि चेन महिन्याभरात तांबरतात. पाण्याचा जोराचा फवारा मात्र बेअरिंगांवर मारू नका, आत पाणी शिरतं.