वाचक विचारतात: ओव्हरड्राइव्हच्या गाडीला कोणतं ऑइल?

प्र. माझ्याकडे १९५० च्या दशकातली स्टुडबेकर चॅम्पियन आहे. तीन गिअर आणि मागे बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर). गिअरबॉक्स जरा गुणगुणतो, म्हणून मिस्त्री १४० नंबर, म्हणजे जास्त जाड ऑइल, टाकू म्हणतात. दुकानदार जीएल-५ घ्या म्हणतो (जीएल हे गिअर ऑइलच्या प्रकाराचं चिन्ह), ते जीएल-४ पेक्षा भारी असतं म्हणे. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, सदर बझार, सातारा

उ. या बाबतीत दोघांचंही नको. साधं मिनरल ९० नंबर, म्हणजे जीएल-१, मिळालं तर तेच टाका. नाही मिळालं तर डब्यावर फक्त जीएल-४ छापलेलं ९० चालेल. 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं असेल तर ते जीएल-५ च समजा.

हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे नाहीत, की पाच म्हणजे चारापेक्षा हुशार. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. दात एकमेकांवर घासत सरकतात अशा, मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड डिफरन्शियलला त्यांची गरज असते. तुमच्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) आहेत. त्या द्रव्यांचा थर पितळेला घट्ट धरतो आणि निघताना पितळेचा कण घेऊन निघतो. शिवाय रिंगेला गिअरच्या निमुळत्या कोनावर (कोन म्हणजे शंकू) क्षणभर पकड घ्यावी लागते. तिथे ऑइल फार निसरडं असलं की पकड बसत नाही आणि गिअर करकरतो.

ओव्हरड्राइव्हमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे, ती फ्रीव्हीलची (सायकलसारखं, एकाच दिशेने ओढणारं). त्यातले रोलर कॅम आणि बाहेरच्या कडीमध्ये पाचरीसारखे अडकतात आणि केवळ घर्षणावर गाडी ओढतात. घर्षण कमी करणारी कोणतीही बाटली (मॉलिब्डेनमची, टेफ्लॉनची, 'गिअर स्मूथ'वाली) इथे टाकू नका. १४० नंबरचा त्रास वेगळा. गार सकाळी रोलर जाड ऑइलमध्ये रेंगाळतात आणि गाडी एकदम झटका देऊन पकडते. गुणगुण थोडी दबेल, पण ती बहुतेक बेअरिंगची असते आणि बेअरिंग जाड ऑइलने बरं होत नाही.

डब्याची खात्री नसेल तर तांब्याची जाड तार पॉलिश पेपरने लख्ख घासा, काचेच्या बाटलीत ऑइलमध्ये बुडवा आणि बाटली, तोंड उघडं ठेवून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तीन तास ठेवा. तार पुसल्यावर तिचा रंग जरासा गडद झाला तर ठीक. मोरपंखी किंवा काळी पडली तर तो डबा मागच्या ॲक्सलसाठी बाजूला काढा. तार लख्ख राहिली म्हणून जीएल-५ गिअरबॉक्सला चालेल, असं मात्र धरू नका. मागच्या हायपॉइड ॲक्सलला जीएल-५ च हवं. मिस्त्री एकाच डब्यातून दोन्हीकडे ओततात, तेवढं बघा.

बदलताना गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून गरम करा आणि सपाट पिटवर घ्या. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचे भरायचे आणि सोडायचे प्लग वेगवेगळे आहेत, म्हणजे एकूण चार. आधी भरायचे दोन्ही प्लग सोडवून बघा. ते गंजून बसले असतील आणि तुम्ही आधी खालचे उघडले, तर गाडी पिटवरच अडकेल. मागच्या युनिटचा प्लग विसरणं ही नेहमीची चूक. तिथलं जुनं ऑइल आतच राहतं. दोन्हीकडे भोकातून थेंब गळेपर्यंत भरा, दहा किलोमीटर फिरवा, गाडी थोडा वेळ उभी ठेवा आणि पातळी पुन्हा बघा. प्लगवर बारीक लोखंडी लव दिसली तर चालतं. निघालेल्या ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे पितळ झिजतंय. तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नका.

आत आधीच जीएल-५ असेल तर स्वस्त मिनरल ऑइल भरून पन्नासेक किलोमीटर चालवा आणि तेही सोडून द्या. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. ते तळाशी साचून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं.

प्र. एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गिअरबॉक्सला आणि ओव्हरड्राइव्हला इंजिन ऑइल टाकतात हे खरं का? ९० नंबरच्या जागी ५० म्हणजे पाणीच झालं ना?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उ. खरं आहे, २०डब्ल्यू-५० च टाका. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबर गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक) भरतं, तर ५० नंबर इंजिन ऑइल १६.३ ते २१.९. म्हणजे तुमचं 'पाणी' बरेचदा जाडच निघेल.

एमजीबीचा ओव्हरड्राइव्ह लेकॉक कंपनीचा आहे. गिअरबॉक्सचं ऑइलच त्याच्यात जातं, पंप ते दाबाने पिस्टनला देतो आणि अस्तर लावलेला निमुळता कोन-क्लच त्याच ऑइलात पकडतो. म्हणून इंधन वाचवणारी, घर्षण कमी करणारी आधुनिक कार ऑइलं इथे नकोत. मोटरसायकलचा क्लचही ऑइलात बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर 'जासो एमए' (अशा क्लचसाठीची खूण) लिहिलेलं मिनरल २०डब्ल्यू-५० मिळालं तर उत्तम. चारही गिअरना सिंक्रो असलेल्या आणि ओव्हरड्राइव्हवाल्या बॉक्सला सुमारे ३.४ लिटर लागतं. ऑइल बदलताना ओव्हरड्राइव्हची ऑइल गाळणारी जाळीही धुवा. ती कापसाच्या बोळ्याने पुसू नका, धागे आत जातात आणि झडप अडकते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि ओव्हरड्राइव्ह कधी लागतो, कधी नाही. वायरिंग उचकायच्या आधी पातळी बघा.

प्र. गाडी स्टुडबेकरच. घाटात उतरताना पाय काढला की मोकळी पळते, इंजिन धरत नाही. ऑइल पातळ झालं का?
— एक वाचक, वाई

उ. नाही, हे फ्रीव्हीलचं नेहमीचं काम आहे. डॅशखालचं हँडल आत ढकललेलं असेल आणि ओव्हरड्राइव्ह लागलेला नसेल, तर इंजिन गाडीला रोखू शकत नाही. ओव्हरड्राइव्ह साधारण ४५ किलोमीटरच्या वेगाला लागतो, त्याखाली गाडी मोकळीच. पसरणी घाट उतरायच्या आधी, वर सपाटीलाच, गाडी थांबवून हँडल बाहेर ओढा. चालत्या गाडीत ओढायचंच असेल तर ४५ च्या खाली, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना. मोकळ्या पळत्या गाडीत किंवा ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना नाही. हँडल आत असताना उतारावर पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडी पुढे घरंगळते. रिव्हर्स टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.