‘नोंद घेतली’ लिहिण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र पोचले. नगर प्रशासनाच्या परिवहन विभागात प्रशासकीय प्रमुखाची जागा निघाली आहे, अर्जाची मुदत संपत आली आहे, आणि आपण अभियंता नसल्यामुळे रस्ते, पूल, सिग्नल आणि बस यांच्या खात्यात आपला शब्द चालेल का, या विचाराने तू अडून बसली आहेस. अर्ज जरूर कर. अभियंते त्या विभागात पुरेसे असतात. त्यांनी लिहिलेले कागद वेळेत वाचून त्यावर निर्णय घडवून आणणारे माणूस मात्र बहुतेक विभागांत कमी पडते, आणि ही जागा त्यासाठीच आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेत १९०६ साली दाखल झालेला फ्रँक पिक शिक्षणाने वकील होता. पुढे १९३३ साली त्या शहरातील बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाखाली आल्या, तेव्हा मंडळाचा दैनंदिन कारभार त्याच्याकडे आला. रूळ कसे टाकावेत हे त्याने कोणाला शिकवले नाही. परंतु स्थानकाच्या पाटीवरील अक्षर उतारूला झटकन वाचता यावे, म्हणून सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून त्याने खास अक्षरवळण तयार करून घेतले. बिगर-अभियंत्याची या खात्यातील उपयुक्तता अशी असते. जाणकार ज्या गोष्टी गृहीत धरतात, त्यांविषयी तो प्रश्न विचारू शकतो, आणि तसे करताना त्याला कमीपणा वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विभागात काय बिघडले आहे हे विभागात कोणालातरी आधीपासून ठाऊक असते. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या मालकीचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे दरीत कोसळला. पुलावर एक जोडबस आणि काही मोटारी होत्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. (पायाभूत सुविधांवर भाषण करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी त्याच शहरात यायचे होते. असे योगायोग कथेत कोणी लिहिले, तर आपण ते ओढूनताणून आणलेले म्हणू.) त्या पुलाचे पाय अशा पोलादाचे होते की, त्यावर चढणारा गंजाचा पातळ थरच त्याचे रक्षण करतो, मात्र त्यासाठी पोलाद अधूनमधून कोरडे व्हावे लागते. पुलावरील पाणी वाहून नेणारे मार्ग तुंबले होते, पाणी आणि कचरा पायांशी साचून राहात होता, आणि रक्षण करणारा थर तयारच होत नव्हता. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२४ साली काढलेला निष्कर्ष तू मुळातून वाचावास. पुलाची तपासणी होत होती, दुरुस्तीच्या शिफारशी अहवालामागून अहवालात पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि शहराने त्यांवर कृती केली नाही, हे कोसळण्याचे मूळ कारण म्हणून त्यात नोंदवले आहे. तपासणीच्या दर्जातील उणिवाही तेथे दाखवल्या आहेत. परंतु तुझ्या पदाशी संबंध आहे तो कृती न होण्याचा. तुंबलेले पाणी वाहते करण्यासाठी फार मोठ्या अभियांत्रिकी ज्ञानाची आवश्यकता नव्हती.

हे परदेशातील उदाहरण सांगून मी स्वतः नामानिराळा राहू इच्छित नाही. माझ्या उमेदीच्या काळात, ज्या विभागात मी होतो तेथे, एका रुंद रस्त्यावरील सिग्नलविषयी एका कनिष्ठ अभियंत्याने टिपणी पाठवली होती. रस्ता २४ मीटर रुंद होता आणि पादचाऱ्यांना ओलांडण्यासाठी २० सेकंद ठेवले होते, म्हणजे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरले होते. हा आकडा पुष्कळ ठिकाणी वापरात होता. पण त्या चौकाजवळ रुग्णालय होते, आणि टिपणी लिहिणाऱ्याने घड्याळ लावून पाहिले होते की तेथील वृद्ध माणसे सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतात. त्या गतीने ३० सेकंद लागतात. म्हणजे हिरवा दिवा जाताना ती माणसे १६ मीटरांवर, गाड्यांच्या अगदी तोंडाशी उभी असतात. दहा सेकंद वाढवा, एवढेच त्याचे मागणे होते. मी टिपणीवर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला, सही केली, आणि कागद पुढे पाठवला. चार महिन्यांनी दुसरी टिपणी आली. तिच्यावरही माझी तीच दोन अक्षरांची आणि तीन अक्षरांची जोडी आहे. तिसऱ्या टिपणीच्या आधी एका वृद्ध गृहस्थांना त्याच जागी मोटारसायकलचा धक्का लागला आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले.

त्यानंतर मी तेथे जाऊन उभा राहिलो. सिग्नलच्या पेटीतील वेळ बदलण्याचे काम अर्ध्या तासात झाले. त्याला निधी लागला नाही, निविदा लागली नाही, कोणाची मंजुरीही लागली नाही. चौदा महिने ते रखडले, कारण सिग्नलच्या शाखेला वाटत होते की वेळ ठरवणे वाहतूक नियोजन शाखेचे काम आहे, नियोजन शाखेला वाटत होते की माझा आदेश यायचा आहे, आणि मला वाटत होते की मी नोंद घेतली आहे. (अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रण साधनांच्या राष्ट्रीय नियमावलीने २००९ च्या आवृत्तीत पादचाऱ्याची गती सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणली, हे मी बऱ्याच नंतर वाचले. आमच्या कनिष्ठ अभियंत्याला त्यासाठी नियमावलीची गरज पडली नव्हती.)

तेव्हापासून मी माझ्यापुरता एक नियम केला, आणि तो तुला देतो आहे. खालून वर आलेल्या प्रत्येक टिपणीवर तीनपैकी एकच शेरा असावा. पहिला, ‘करावे’, त्यापुढे करणाऱ्याचे नाव, तारीख आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून, होणार ते. दुसरा, ‘करू नये’. त्यापुढे कारण, दोन ओळी का होईना. तिसरा, ‘माझ्या अधिकारात नाही, वर पाठवत आहे’. आणि मग ते वर गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपलीच. ‘नोंद घेतली’, ‘पाहिले’, ‘चर्चा करावी’ हे शेरे बंद. सुरुवातीला लोक कुरकुरतात, कारण ‘करू नये’ असे सहीनिशी लिहिणे अंगावर येते. ते अंगावर यावे, हाच उद्देश आहे. सगळ्या शिफारशी कोणत्याच विभागाला पेलत नाहीत. परंतु नाकारलेली गोष्ट कोणी आणि का नाकारली हे कागदावर असले, म्हणजे पुढच्या वर्षी परिस्थिती बदलल्यावर ती पुन्हा उघडता येते. न नाकारलेली आणि न केलेली गोष्ट मात्र कपाटात कुजते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. तुझ्यापुढे दर महिन्याला तक्ते येतील आणि ते खरेही असतील, तरी त्यांतून नागरिकाचा अनुभव दिसेलच असे नाही. समजा, एका मार्गावर तासाला सहा फेऱ्या ठरल्या आहेत आणि सहाही झाल्या. तक्त्यात शंभर टक्के. त्या दर दहा मिनिटांनी आल्या असतील, तर थांब्यावर अवचित आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने दर वीस मिनिटांनी आल्या, तर सरासरी थांबणे दहा मिनिटांवर जाते; शिवाय पहिली बस खचाखच भरते आणि तिच्या मागची रिकामी जाते. चालक मुद्दाम जोडीने बस हाकत नाहीत. एखादी बस थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त लोक जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, आणि मागची बस कमी लोक घेत तिला गाठते. तेव्हा ‘किती फेऱ्या झाल्या’ याच्या जोडीला ‘दोन बसमधील अंतर किती राहिले’ हे मागायला शिक. आगारप्रमुख आधी म्हणेल की अशी माहिती ठेवत नाही. आठवडाभर एका थांब्यावर एक माणूस वही घेऊन बसव. ठेवली जाऊ लागेल.

मनुष्यबळाचेही असेच आहे. ‘नव्या बस आल्या’ ही बातमी होते, ‘चालक नाहीत’ ही होत नाही. एक बस दोन पाळ्यांत आठवड्याचे सातही दिवस चालवायची, तर साप्ताहिक सुटी धरल्यावरच तिला २.३३ चालक लागतात. त्यात रजा, आजारपण आणि प्रशिक्षण मिळवले की आकडा आणखी वाढतो. बसच्या खरेदीचा प्रस्ताव तुझ्यापुढे आला की त्याला भरतीचा प्रस्ताव जोडलेला आहे का, हे सही करण्याआधी पाहा. नसेल, तर त्या बस आगारात धूळ खात उभ्या राहतील आणि दोष तुझ्या नावावर लागेल.

पैशाविषयी एकच सांगतो, कारण बाकीचे लेखा विभाग शिकवेलच. कपात आली की सर्वांत आधी देखभालीचे किरकोळ लेखाशीर्ष कापले जाते, कारण पूल झाडला, नाल्याची जाळी काढली, पट्टे पुन्हा रंगवले, याचे उद्घाटन होत नाही. अर्थसंकल्पीय बैठकीत या रकमेच्या बाजूने बोलणारे बहुधा तुझ्याखेरीज कोणी नसेल. तेथे भावनेचा उपयोग होत नाही. ‘ही रक्कम कापली तर अमुक सात पुलांचे पाणी यंदा वाहते राहणार नाही’ असे नावांसहित लिहून दे आणि कापणाऱ्याची सही घे. मी हे दोनदा केले. एकदा रक्कम वाचली.

लोकप्रतिनिधींविषयी तू भीतीने लिहिले आहेस. भीतीचे कारण नाही, पण त्यांच्याकडे अडथळा म्हणूनही पाहू नकोस. थांब्यावरील छप्पर गळते हे तुझ्या अहवालाआधी त्यांच्या कानावर जाते. अडचण येते ती मागणी उपायाच्या रूपात येते तेव्हा. ‘रस्ता रुंद करा’ हे त्यांतील नेहमीचे. १९६२ साली अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी मांडले की गर्दीच्या वेळी भरून वाहणारा रस्ता रुंद केला, तर इतर मार्गांवरून, इतर वेळांतून आणि सार्वजनिक वाहनांतून लोक तिकडे वळतात आणि गर्दी पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे जाते. हे तू सभेत ऐकवलेस, तर कोणी ऐकणार नाही. त्यापेक्षा मागणीमागची अडचण लिहून घे, तिच्यावर दोन-तीन पर्याय खर्चासह मांड, आणि शक्य असेल तेथे थोड्या काळासाठी करून पाहण्याची परवानगी माग. स्वीडनमधील स्टॉकहोममध्ये गर्दीच्या शुल्काला, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या वाहनांवरील शुल्काला, लोकांचा मोठा विरोध होता. तेथील प्रशासनाने ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू केल्या, मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शुल्क प्रायोगिक तत्त्वावर लावले, आणि वाहने आधी व नंतर मोजली. शुल्काच्या हद्दीवरील वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरली. प्रयोग संपल्यावर सप्टेंबरमध्ये शहरात कौल घेतला, तेव्हा बहुमत शुल्काच्या बाजूने गेले. यातील माझ्या आवडीची गोष्ट शुल्क नाही. आधीची मोजणी आहे. काम सुरू होण्यापूर्वी मोजले नसेल, तर नंतर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते.

आणि तोंडी आदेश आला, मग तो कोणाचाही असो, त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या चर्चेनुसार’ अशी सुरुवात करून टिपणी लिही आणि आदेश देणाऱ्याकडे पाठव. यात अविश्वास दाखवण्याचा हेतू नसतो. निम्मे तोंडी आदेश कागदावर वाचल्यावर देणारेच मागे घेतात.

मुलाखतीत तुला ‘पहिल्या शंभर दिवसांत काय कराल’ असे विचारतील. योजनांची जंत्री देऊ नकोस. मागील तीन वर्षांच्या तपासणी अहवालांतील ज्या शिफारशी एकापेक्षा अधिक वेळा आल्या आहेत त्यांची यादी पहिल्या महिन्यात करीन, असे सांग. निवड झालीच, तर रुजू झाल्यावर एकदा पहाटे चारला आगारात जा, पहिली बस सुटेपर्यंत तेथे थांब, आणि कोणाला काही सांगू नकोस, नुसते पाहा. किती बस सुरू होत नाहीत, कोणता चालक कोणाच्या जागी पाठवला जातो, आणि हे सगळे जुळवणारा तो एक कारकून कोण, हे तुला दिसेल. त्या कारकुनाचे नाव लक्षात ठेव.

ती पुन्हा पुन्हा आलेल्या शिफारशींची यादी तयार झाली, की तिची प्रत मला दाखवता येण्याजोगी असेल तर पाठव. कोणत्या ओळी अर्ध्या तासात मिटण्याजोग्या आहेत, त्यांवर मी पेन्सिलने खुणा करून परत धाडीन.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित