चार महिने झाले, फोन वाजत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली ९ वर्षं, जुलैत प्रोजेक्ट बंद पडल्यावर कंपनीने राजीनामा मागून घेतला, तेव्हापासून दोनशेच्या वर अर्ज. बहुतेकांचं काहीच उत्तर नाही, तीन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेलात आणि मग शांतता. दिवाळीत साताऱ्याला गेलात तर भेटेल तो विचारत होता, "मग, काय चाललंय सध्या?" आता सकाळी लॅपटॉप उघडायलाच नको वाटतं. उमेद टिकवायची कशी, असं विचारलंय, आणि जाता जाता हेही की रेझ्युमेत गॅप दाखवू की लपवू.

मी पुण्यात बरीच वर्षं टेस्टिंगच्या टीमसाठी माणसं निवडायचं काम केलंय. म्हणून उमेदीवर येण्याआधी टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. तुमच्या लिहिण्यात नकारापेक्षा न आलेल्या उत्तरांचाच त्रास जास्त दिसतो, आणि त्या शांततेचा अर्थ तुम्ही परस्पर लावून टाकलाय: आपल्यातच काहीतरी कमी आहे.

एक जागा मंजूर होते, नोकरी डॉट कॉमवर पडते. दोन दिवसांत शेकड्यांनी अर्ज येतात. रिक्रूटर वरचे काही उघडते, त्यात चार-पाच बरे मिळाले की थांबते. बाकीचे कोणी वाचलेलेच नसतात, नाकारायचा प्रश्नच येत नाही. मध्येच क्लायंट म्हणतो, पुढच्या तिमाहीत बघू. जागा गोठते, पण जाहिरात तशीच राहते, कारण ती काढणं हे कोणाचंच काम नसतं. सर्व्हिस कंपन्यांत आधी बेंचवरच्या, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेल्या, माणसाचा हक्क असतो. बाहेरच्यांच्या दोन फेऱ्या झाल्यावर आतूनच कोणीतरी सापडतो आणि सगळं गुंडाळलं जातं. काही कन्सल्टन्सीवाले तर नुसता डेटाबेस भरायला जाहिराती टाकतात. हे सगळं तुमच्या इनबॉक्सला एकसारखंच दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही.

शेवटच्या फेरीनंतरच्या शांततेचं कारण मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि ते कळलं तर तुम्हाला उपयोगी पडेल. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते. त्याचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा. त्या तीन महिन्यांत तो ती ऑफर दाखवून आणखी दोन ठिकाणी फिरतो, हे एचआरला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ना हो म्हणतात, ना नाही. लटकत ठेवतात. माणुसकीच्या हिशोबाने हे वाईटच आहे, पण चालतं असंच. आणि पहिला माणूस ऐनवेळी येत नाही, हे आमच्याकडे इतक्या वेळा व्हायचं की दुसऱ्याचा नंबर आम्ही हाताशीच ठेवायचो. तेव्हा त्या तिन्ही ठिकाणी आज दोन ओळींची मेल टाका: जागा अजून रिकामी असेल तर मी लगेच रुजू होऊ शकतो. गयावया नको, "काही अपडेट आहे का" अशी विचारणाही नको. फक्त तारीख कळवा.

लगेच रुजू होता येणं ही तुमची आत्ताची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि तुम्ही ती शरमेने झाकून ठेवलीय. प्रोजेक्ट पेटलेला असताना मॅनेजरला तीन महिन्यांनी येणारा हुशार माणूस परवडत नाही, सोमवारी येणारा बरा माणूस चालतो. रिक्रूटर शोध घेतात तेव्हा नोटिस पिरियडची चाळणी लावतात, आणि उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता याचीही. प्रोफाइलमधला नोटिस पिरियडचा रकाना जुनाच राहिलाय का ते आधी बघा. मग दर दोन-तीन दिवसांनी प्रोफाइलमध्ये एखादा शब्द बदलून सेव्ह करा. यात काही हुशारी नाही, नुसती यंत्राची मशागत आहे, पण फोन यायला लागतात.

आणखी एक, महिना बघा. अमेरिकी क्लायंटची बजेटं नोव्हेंबरअखेरपासून नवीन वर्षापर्यंत झोपलेली असतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बोनस हातात पडला की लोक राजीनामे देतात आणि त्यांच्या जागा भरायला धावपळ सुरू होते. डिसेंबरातली शांतता आणि मेमधली शांतता यांचं वजन सारखं धरू नका.

आता उमेद. खरं सांगायचं तर उमेद रोज सकाळी हजर असेल यावर मी कोणाचाच दिवस उभा करणार नाही. ती नसलेल्या दिवशीही काम हलेल अशी सोय लागते.

१९२९-३० मध्ये व्हिएन्नाजवळच्या मारीएनथाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. १९३३ मध्ये त्यांचा अहवाल आला. वाटलं होतं, लोकांना वेळच वेळ आहे तर वाचतील, सभांना जातील. झालं उलटं. ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. खिडकीआड घड्याळ लावून त्यांनी रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजली, तर पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते आणि जागोजागी थांबत होते. दिवसभर काय केलं ते पुरुषांना धड सांगता येत नव्हतं. बायकांना स्वयंपाक, मुलं, धुणं चुकलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा दिवस फाटला नाही. (हा फायदा त्यांना कोणी विचारून दिला नव्हता, ते सोडा.) याहोडाने पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर नकळत आणखी गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारचौघांत ओळख, सामायिक उद्दिष्ट, हातापायांना काम. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं. तुम्हाला सकाळी उठावंसं वाटत नाही, त्याला आळस म्हणू नका.

म्हणून पहिलं काम, दिवसाला भिंती घाला. सदाशिव पेठ, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी ढिगाने अभ्यासिका आहेत, महिन्याच्या भाड्याने जागा मिळते. तिथे जाऊन बसा. एमपीएससीची पोरं वर्षानुवर्षं निकालाच्या अनिश्चिततेत बसलेली असतात, त्यांच्या शेजारी बसून चार महिने जरा लहान वाटतात. तिथे फोनवर बोलता येत नाही, तेव्हा मुलाखत असेल त्या दिवशी घरीच थांबा. सकाळी टेकडी: तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ, जी जवळ असेल ती. घरात बसून दिवसभर पोर्टल रिफ्रेश करणं याला नोकरी शोधणं म्हणत नाहीत. दहा ते एक अर्ज आणि निरोप, दुपारी सराव, पाचला बंद म्हणजे बंद. शनिवार-रविवारी सुट्टी घ्या, बिनदिक्कत.

मोजायचंच असेल तर ऑफर मोजू नका, ती तुमच्या हातात नाही. आठवड्यात किती जुन्या सहकाऱ्यांना निरोप गेले, किती प्रश्नांची उत्तरं मोठ्याने बोलून सराव केला, हे वहीत लिहा. दोनशे अर्जांचा आकडा मला फारसा भावला नाही. एका क्लिकचे वीस अर्ज टाकले की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी वीस ठिकाणची शांतता पदरात पडते. रोज तीन करा, पण जाहिरात वाचून, रेझ्युमेच्या वरच्या चार ओळी बदलून.

जुन्या सहकाऱ्यांना कळवायला संकोच वाटतो म्हणालात. इथे मी जरा ठाम बोलणार आहे. आयटीत रेफरल केलेला, म्हणजे आतल्या कोणी नाव सुचवलेला, माणूस लागला तर रेफर करणाऱ्याला बऱ्याच कंपन्यांत बोनस मिळतो. तुम्ही भीक मागत नाही, त्याच्या खिशात पैसे जायची शक्यता घेऊन जाताय. आणि जिगरी मित्रांवरच थांबू नका. त्यांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या गाजलेल्या निबंधात बोस्टनजवळच्या लोकांचे आकडे दिलेत. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी ज्या माणसाकडून बातमी कळली त्याला वरचेवर भेटणारे फक्त १६.७ टक्के होते. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. आपल्याकडे याला 'वशिला' म्हणून नाक मुरडतात, पण वशिल्याने माणूस खुर्चीत बसतो आणि रेफरलने रेझ्युमे फक्त उघडला जातो. मुलाखत तुमचीच. २०१८ साली शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा तो कोण, ज्याच्याशी फक्त चहाला बोलणं व्हायचं, त्याला लिहा. त्याच्या कंपनीच्या पोर्टलवरचा जॉब आयडी शोधून द्या, अनुभव, शहर, कधी रुजू होणार, अपेक्षित पगार एवढं चार ओळींत द्या. "कुठे काही असेल तर बघ ना" या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही.

शिकण्याबद्दल थोडक्यात. पाच कोर्स विकत घेऊ नका. मॅन्युअल (हाताने करायच्या) टेस्टिंगवरच थांबला असाल तर ऑटोमेशनसाठी जावा-सेलेनियम किंवा प्लेराइट यातलं एक आणि एपीआय टेस्टिंग, बस. एखाद्या सार्वजनिक डेमो साइटवर स्वतःचा छोटा फ्रेमवर्क लिहा, गिटहबवर टाका. मुलाखतीत त्याबद्दल अर्धा तास बोलता आलं तर तुमची ९ वर्षं नुसती कागदावर राहत नाहीत, समोर दिसतात. शिवाय कोणाच्याही उत्तराची वाट न बघता रोज काहीतरी पुढे सरकतं, आणि सध्या तुम्हाला त्याचीच जास्त गरज आहे.

पैशाचं स्पष्ट लिहिलं नाहीत, पण घराचा हप्ता आहे म्हणालात. पत्नीच्या पगारात आणि शिलकीत किती महिने निघतात ते दोघांनी बसून कागदावर मांडा. अंदाजाची भीती आकड्याच्या भीतीपेक्षा नेहमी मोठी असते. त्या कागदावरच एक महिना ठरवा, ज्याच्या पुढे थर्ड पार्टी पेरोलवरचं (पगार मधली एजन्सी देते असं) कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं. ठरलेलं असलं की ते पडती बाजू वाटत नाही. कंपनीचा गट आरोग्यविमा नोकरीबरोबर संपला असेल. स्वतःचा अजून घेतला नसेल तर बाकी सगळं थांबवून तो घ्या. पीएफला हात लावायची वेळ आलीच तर पासबुकात पेन्शनचा रकाना भरलेला आहे का बघा. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. ९ वर्षांवर ती रक्कम काढून घेतली तर उंबरठ्यावरून परत फिरल्यासारखं होईल. आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर) भरलीय ना, तेही पाहा. नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला भरता येते.

घरच्यांचं. आई-वडील रोज विचारतात कारण त्यांना विचारण्याखेरीज काही करता येत नाही. रविवारी संध्याकाळी तुम्हीच फोन करून आठवड्याचा हिशोब सांगून टाका: दोन मुलाखती झाल्या, एक पुढच्या मंगळवारी आहे. एवढ्यावर मधल्या दिवसांचे फोन कमी होतात. बाकी नातेवाइकांना "प्रोजेक्ट संपला, नवीन बघतोय" आणि लगेच त्यांच्या उसाचा विषय. पत्नीशी मात्र असं गुळगुळीत बोलू नका. ती तुमचा चेहरा रोज बघतेय. आणि झोप, जेवण सलग दोन-तीन आठवडे बिघडलं असेल, नको नको ते विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यासाठी हातपाय गाळायची वाट बघायची नसते.

अशा काळात सावज शोधणारेही फिरत असतात. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, ऑफर लेटरसाठी 'प्रोसेसिंग', काहीही मागितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

राहता राहिला गॅप. लपवू नका. पुण्यात खोटा अनुभव विकणारे आहेत, ते तुम्हाला ऑगस्टपासूनचं पत्र देऊ करतील. पडताळणीत पीएफचा इतिहास तपासला की ते उघडं पडतं आणि हातात आलेली ऑफरही जाते. रेझ्युमेत जुलैपर्यंतचीच तारीख लिहा. खाली एक ओळ: प्रोजेक्ट बंद झाल्याने टीम कमी झाली, सध्या ऑटोमेशन फ्रेमवर्कवर काम, सोबत गिटहबचा दुवा. मुलाखतीत विचारलं तर हेच, याच सुरात, एका वाक्यात सांगा आणि थांबा. समोरच्याला लेऑफची कहाणी नको असते, त्याला फक्त तुम्ही अडखळता का ते बघायचं असतं. हे वाक्य आज घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा.