रात्री हाताला मुंग्या येतात, हँड सर्जनकडे जाऊ का?

दोन महिने रात्री मुंग्यांनी जाग येते, एक्स-रे नॉर्मल आला, आणि हँड सर्जनकडे गेलं की लगेच ऑपरेशन सांगतील अशी तुम्हाला भीती आहे. एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. आणि सर्जनकडे गेलं म्हणजे ऑपरेशन ठरलंच, असं नसतं. जरूर जा.

जाण्याआधी एक काम मात्र करा. जाग आली की दिवा लावून नेमकी कुठली बोटं बधिर आहेत ते बघा. 'अख्खा हात' असं वाटतं, पण एकेका बोटाला हलका चिमटा काढला की पुष्कळदा करंगळी शाबूत निघते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर असेल तर मीडियन नस मनगटात दबल्याचा संशय येतो; हाच कार्पल टनेलचा त्रास. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू असेल तर ती अल्नर नस, आणि ती बहुधा कोपराशी दबते. तिथे मनगटाचा पट्टा काय करणार? कागदावर हात ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, बधिर भाग रंगवा आणि तो कागद सोबत न्या. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, मानेतून हातात उतरणारी कळ, यांपैकी काही असेल तर न विचारताही सांगा.

तपासताना मनगट मिनिटभर वाकवून धरायला लावतील, नसेवर बोटानं टिचक्या मारतील, अंगठा तळहातापासून वर उचलायला सांगून त्याचा जोर बघतील. नर्व्ह कंडक्शन टेस्टही, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी, सांगू शकतात. सुरुवातीच्या त्रासात ती नॉर्मल येऊ शकते.

त्रास सौम्य असेल तर साधारण ६ आठवडे रात्री स्प्लिंट, म्हणजे मनगटाचा पट्टा, लावायला सांगतात. इथेच बरेच जण फसतात. तयार स्प्लिंटमधली पट्टी पुष्कळदा वर वाकवलेली असते आणि त्यामुळे मनगट मागे झुकतं. आपल्याला ते सरळ हवं. पट्टी काढून सपाट करून घ्या, बोटं मोकळी ठेवा, आवळून बांधू नका. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, तेवढी तपासत राहा.

बधिरपणा दिवसाही जात नसेल, शर्टाचं बटण लावता येत नसेल किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत चालला असेल, तर कृपया स्प्लिंटवर दिवस काढू नका. झिजलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

हातावर पडल्यामुळे मनगट दुखणाऱ्यांसाठीही एक्स-रेबद्दल एक सांगतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो, तो दाबून दुखत असेल तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसत नाही. मनगट बांधून ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा आधीच एमआरआय करतात.