आधी टॅग, मग तिकीट

प्रश्न : भाचा डेन्व्हरला असतो. ऑक्टोबरात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला या म्हणतो. विमानाचं तिकीट आत्ताच काढू का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : थांबा, मामा. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत बरेचसे टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी, सोडतीतून मिळतात आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात. पहिल्या पसंतीचा टॅग लागला नाही, तर पुढच्या वर्षासाठी प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत प्राधान्य देणारा गुण, जमा होतो. तुमचा जन्म १९४९ मधला किंवा त्यानंतरचा असेल, तर शिकारी-सुरक्षेचा कोर्सही सक्तीचा. शिवाय तुम्ही पर्यटक व्हिसावर. शिकारीचा परवाना हातात येईपर्यंत भाच्याच्या बंदुकीला हात लावू नका, तो कितीही आग्रह करो. रायफलच्या हंगामात झगझगीत फ्लोरोसंट जाकीट आणि टोपी लागतेच. मेनरोडवरचं साधं केशरी जाकीट चालायचं नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा शौक मिटवला, बरंच झालं म्हणा!